कूळ नसलेला ड्रायव्हर

पहिल्याच दिवशी क्रिसांतो मागबानुआनं हॉर्न वाजवला आणि सकाळची वाट लावून घेतली.

एकदा नव्हे, तीनदा. दोन आखूड, एक लांब. फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरात त्यानं बावीस वर्षं वडापची जीप हाकली होती, आणि तिथं हॉर्न म्हणजे बोलणंच. 'येतोय', 'सरक', 'ताई, बसायचंय का', 'काय रे, बरा आहेस ना', सगळं त्या एका बटणावर. इथं अमेरिकेत, शाळेच्या बसच्या सात नंबरच्या मार्गावरचा शेवटचा थांबा आला, समोर लाकडी ओंडक्यांचं होगन, म्हणजे नवाहो आदिवासींचं गोल घर, दिसलं आणि माणूस काही दिसेना, तेव्हा त्याचा हात आपोआप बटणावर गेला.

कोंडवाड्यातल्या चाळीस मेंढ्या एकदम उसळल्या. कुंपणाची फळी निखळली आणि सहा-सात जणी बाहेर पळाल्या. दोन कुत्री बसच्या चाकांवर धावून आली. मग होगनच्या पूर्वेकडच्या दारातून एक म्हातारी बाहेर पडली. मखमली पोलकं, घोट्यापर्यंत घागरा, पायात नातीचे वाटावेत असे गुलाबी नाड्यांचे बूट. तिच्यामागून दप्तर लटकवलेली नऊ वर्षांची मुलगी आली.

म्हातारी बसपाशी आली नाही. दहा पावलांवर थांबून, जमिनीकडे बघत, नवाहोत काहीतरी बोलली. मुलगी बसच्या पायरीवर चढली.

"आजी विचारतेय, तुमच्या घराला आग लागलीय का?"

"नाही," क्रिसांतो म्हणाला.

मुलीनं वळून सांगितलं. म्हातारी पुन्हा बोलली.

"मग आमच्या घराला लागलीय का, विचारतेय."

"नाही गं बाळा."

"मग ती म्हणतेय, मेंढ्या तुम्ही गोळा करा."

त्यानं गोळा केल्या. नव्या नोकरीसाठी घेतलेल्या काळ्या चकचकीत बुटांनी, काटेरी झुडपांतून, पाऊण तास. बसमधली अकरा मुलं खिडकीला नाकं लावून बघत होती. एकही हसलं नाही. हसले ते दुसऱ्या दिवशी, आणि मुलं नव्हे, तर त्सेबितो गावापासून डांबरी रस्त्यापर्यंतची सगळी वस्ती. दुपारच्या आतच त्याला नवाहोत नाव पडलं होतं. त्याचा अर्थ साधारण 'मेंढ्या उधळणारा' असा होतो.

म्हातारीचं नाव देसबा एत्सित्ती. नातीचं डेलफीन.

क्रिसांतो त्सेबितोला आला तो बायकोमागून. लिओनीला विज्ञानाची शिक्षिका. ॲरिझोनातल्या या वाळवंटी शाळेला शिक्षक मिळत नव्हते, आणि इलोइलोतल्या शिक्षकांना पोट भरेल असं काम मिळत नव्हतं, असा तो मेळ. त्यांची मुलगी मनिलाला शिकायला गेली होती, घर मोकळं झालं होतं. ती आधी आली, सहा महिन्यांनी हा. शाळेच्या वसाहतीत जागा शिल्लक नव्हती, म्हणून टेकडीखालचं एक पत्र्याचं ट्रेलर-घर भाड्यानं मिळालं, आत लाकडाची शेगडी. पहिलं वर्ष क्रिसांतोनं त्या शेगडीसमोर बसून काढलं. खिडकीतून बघावं तर लाल माती, त्यावर आभाळ, आणि दिवसातून दोनदा पिवळी बस.

शाळेच्या गाड्यांचा प्रमुख वुडी तोहोनी. पोट सुटलेला, डोक्यावर काळी रुंद टोपी, बोलताना चेहऱ्यावरची माशी हलू न देणारा. सात नंबरचा ड्रायव्हर नोकरी सोडून गेला, तेव्हा क्रिसांतो कामाचा परवाना आणि अवजड गाडीचं लायसन घेऊन त्याच्यासमोर उभा राहिला.

"चिखलात चालवलीयस कधी?" वुडीनं विचारलं.

"आमच्याकडे पाऊस आला की रस्त्याची नदी होते."

"आमच्याकडे नदीचाच रस्ता असतो," वुडी म्हणाला. "कधीकधी तिला आठवतं, आपण नदी आहोत. सोमवारी ये."

मेंढ्यांच्या प्रकरणानंतर त्यानंच क्रिसांतोला बाजूला घेतलं.

"अरे लेका, आमच्यात कुणाच्या घरी गेलं की गाडी लांब उभी करायची आणि आत बसून राहायचं. हाक नाही, हॉर्न नाही, दार वाजवणं नाही. घरच्यांना वाटलं तर ते बाहेर येतात. नाही आले तर आपण परत."

"मग बसून राहायचं किती वेळ?"

"घाई असली तर माणसानं घरीच बसावं."

तेव्हापासून क्रिसांतो थांबायला शिकला. फार अवघड गेलं ते. इलोइलोत थांबणारा ड्रायव्हर उपाशी मरतो. इथं तो इंजिन चालू ठेवून हात मांडीवर ठेवायचा आणि दाराकडे न बघता दाराकडे बघायचा. हळूहळू त्याला कळलं, की मुलं नजरेला नजर देत नाहीत ती मग्रुरीनं नव्हे. मोठ्यांच्या डोळ्यांत रोखून बघू नये, असं त्यांना घरून शिकवलेलं असतं. हात मिळवतानाही कुणी दाबत नसे, नुसता हाताला हात टेकवत. आणि ज्याच्यावर जीव आहे त्याची टिंगल करायची, हे तर त्याला गावाकडची आठवण करून देणारं होतं. त्यानं एकदा ट्रेलरमध्ये सुके मासे तळले तर वुडी तीन दिवस ट्रकमधूनच, खिडकीची काच बोटभर खाली करून त्याच्याशी बोलत होता. "लांबूनच बोल बाबा. आमची म्हातारी माणसं मासे खात नाहीत. तुझ्या शर्टाला बघून माझी आजी गाव सोडून जाईल."

एका गोष्टीपाशी मात्र त्याचं घोडं अडायचं. नवं माणूस भेटलं की ते पहिल्यांदा कूळ सांगे. आईचं कूळ, बापाचं कूळ, मग दोन्हीकडच्या आजोबांची. ते सांगून झालं की दोघं लगेच एकमेकांचे भाऊ, मामा, नात असं काहीतरी होऊन जात, आणि मग गप्पा सुरू. क्रिसांतोची पाळी आली की तो म्हणे, "मागबानुआ."

"हे झालं नाव," समोरचा सभ्यपणे म्हणे. "पण तू कुणाचा?"

क्रिसांतो पुन्हा तेच आडनाव सांगे. समोरचा मान हलवे, हवापाण्यावर चार वाक्यं बोले आणि दुसरीकडे वळे. कुणी वाईट वागत नव्हतं. पण खोलीत सगळ्यांना बसायला जागा आहे आणि आपण तेवढे उभे आहोत, असं त्याला वाटत राही.

चिखल शिकवला तो देसबानं. त्सेबितोच्या रस्त्याची शेवटची दोन मैलं कच्ची, मध्ये एक कोरडा ओढा. फेब्रुवारीत बर्फ वितळायला लागलं की तिथली माती साबणासारखी होते. पहिल्या हिवाळ्यात बस तिथं आडवी रुतली आणि देसबाच्या भाच्यानं ट्रकला साखळी लावून ती ओढली. दुसऱ्या दिवशी म्हातारी पहिल्यांदाच बसपाशी आली.

"ती म्हणतेय, सकाळी माती गोठलेली असते तेव्हा मधून चालवा," डेलफीन सांगू लागली. "दुपारी कडेनं, जिथं गवत आहे तिथून. चाकांच्या जुन्या खाचेत कधीच घालू नका. आणि ओढ्यात ब्रेक लावायचा नाही."

"आणि रुतलीच तर?"

डेलफीननं विचारलं. म्हातारीच्या तोंडावरच्या सुरकुत्या जराशा हलल्या.

"म्हणतेय, तर तिथंच घर बांधा. लाकडं आम्ही देऊ."

तिसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीत इलोइलोत क्रिसांतोची आई गेली.

व्हिसाची कागदं नव्यानं भरायला दिली होती. आत्ता देश सोडला तर परत येता येईल याचा भरवसा नव्हता. त्यानं दोन दिवस फोनाफोनी केली आणि मग सोडून दिलं. फोनला रेंज होती ती फक्त टेकडीवर, पाण्याच्या टाकीपाशी. बहिणींनी त्याच्यासाठी नऊ दिवसांची जपमाळ सकाळी ठेवली, म्हणजे इकडे त्याला आदल्या दिवशीची संध्याकाळ मिळायची. तो आणि लिओनीला टाकीच्या आडोशाला, टोप्या कानावर ओढून, फोनच्या पडद्यावर मेणबत्त्या बघत प्रार्थना म्हणत. तिकडे अंगणात शेजारीपाजारी, पत्ते, कॉफी, रडणं, हसणं, आईच्या गोष्टी. इकडे वारा.

त्याला बोलायचं होतं. इलोइलोत माणूस गेलं की नऊ दिवस घर माणसांनी फुटतं, आणि गेलेल्याचं नाव इतक्या वेळा घेतलं जातं की शेवटी ते जरा हलकं होतं. इथं शाळेत सगळ्यांना बातमी कळली होती, पण कुणी एक शब्द बोलेना. वुडीनं दोन दिवस सात नंबरची बस स्वतः चालवली, त्याबद्दलही काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी क्रिसांतो कामावर आला, तर लोक त्याच्याकडे बघण्याचंही टाळत होते.

त्या सकाळी देसबा मेंढ्या सोडायला कोंडवाड्यापाशी उभी होती. तिला पाहून क्रिसांतोला राहवलं नाही. तो बसमधून उतरला आणि फोन पुढे धरला.

"आजी, ही बघा माझी आई. रेमेदिओस. सोमवारी गेली हो."

डेलफीननं भाषांतर केलं नाही. ती बुटांकडे बघत राहिली. पण देसबाला कळायचं ते कळलं. तिनं फोटोसमोर तळहात आडवा धरला, तोंड फिरवलं, आणि मेंढ्या तशाच टाकून होगनमध्ये गेली. दार लागल्याचा आवाज आला.

पुढचे तीन दिवस ती बाहेर आली नाही. डेलफीन एकटीच येऊन बसमध्ये चढे आणि सगळ्यात मागे जाऊन बसे.

"मी इथं राहत नाही," क्रिसांतोनं बायकोला सांगितलं. लास वेगासला त्याचा चुलतभाऊ होता, हॉटेलच्या पाहुण्यांची गाडी चालवायचा. तिथं जागा होती. "वर्ष संपलं की तू ये. मी पुढे जातो."

लिओनीला वह्या तपासत होती. तिनं पेन खाली ठेवलं. "क्रिस, तीन वर्षं लागली रे मला. आत्ता कुठं पोरं वर्गात हात वर करायला लागलीत."

"तुझ्याकडे बघतात ना ती? माझ्या आईकडे कुणी बघायला तयार नाही."

तिनं वही मिटली. ती उठली, शेगडीत लाकूड सारलं आणि त्याच्याजवळ येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी तो वुडीच्या गॅरेजात गेला. वुडी एका बसखाली पाठीवर पडून होता. नुसते बूट दिसत होते.

"मी महिन्याअखेर नोकरी सोडतोय," क्रिसांतोनं बुटांना सांगितलं.

"का?"

"तुमच्या लोकांना काळीज नाही म्हणून."

बसखाली पाना वाजून खाली पडला. मग वुडी सरपटत बाहेर आला. तोंडाला ग्रीस होतं.

"काय झालं?"

क्रिसांतोनं सांगितलं. फोटो, नाव, तळहात, दार. वुडी ऐकता ऐकता डोळे मिटून घेत होता, कुणी आपल्या पायावर पाय देतंय असा.

"तू तिला गेलेल्या माणसाचं तोंड दाखवलंस? वर नाव घेऊन? चार दिवस पुरे व्हायच्या आत?"

"माझी आई आहे ती!"

"हो रे बाबा. म्हणूनच. आमच्यात चार दिवस नाव घ्यायचं नाही, बोलायचं नाही. नाव घेतलं की जाणारा वळून बघतो. मग त्याला जाता येत नाही आणि मागच्यांनाही सुटका नाही. तुझ्या आईचा खोळंबा होऊ नये म्हणून सगळे गप्प होते. आता म्हातारीला स्वतःच्या शुद्धीसाठी काय काय करावं लागलं असेल, देव जाणे." त्यानं हात चिंधीला पुसले. "तुझ्या दारात लाकडं कुणी टाकली असं वाटलं तुला?"

क्रिसांतोला वाटलं होतं शाळेनं पाठवली. चिरलेली, वाळलेली, शेगडीच्या मापाची, महिनाभर पुरतील इतकी. पायरीवर ठेवलेलं मटणही त्याला लिओनीलाच्या कुणा सहकाऱ्याचं वाटलं होतं.

"तिचा भाचा आणून टाकून गेला. मटण तिनं कापलेल्या मेंढीचं."

क्रिसांतो उलट्या घातलेल्या तेलाच्या डब्यावर बसला.

"पण मला बोलायचं होतं रे," तो शेवटी म्हणाला. "लाकडं काही बोलत नाहीत."

वुडीनं टोपी काढून डोकं खाजवलं. त्याची पंचाईत झालेली दिसत होती. मग त्यानं दुसरा डबा ओढला आणि जरा अंतर राखून बसला.

"चार दिवस तर होऊन गेलेत. माझ्याशी बोल. फक्त नाव नको घेऊस. 'माझी आई' म्हण. आणि मध्येच मी उठून पाना शोधायला लागलो तर राग नको मानू."

क्रिसांतो बोलला. वुडी तीनदा पाना शोधायला उठला, आणि तिन्ही वेळा परत येऊन बसला.

आठवड्यानं एकदम ऊन पडलं. दोन फूट बर्फ तीन दिवसांत वितळलं आणि कच्च्या रस्त्याचं पिठलं झालं. दुपारी शाळेच्या कार्यालयातून हुकूम आला: सात नंबरची बस गुरं अडवायच्या लोखंडी जाळीपर्यंतच जाईल, पुढच्या मुलांनी चालत जावं. जाळीच्या पुढे घर एकच होतं, देसबाचं. आणि मुली दोन. डेलफीन, आणि याच वर्षी बालवाडीत गेलेली तिची धाकटी बहीण वेर्ला.

क्रिसांतोनं जाळीपाशी बस उभी केली. मुली उतरल्या. वेर्लाचा एक बूट पहिल्याच पावलाला चिखलात राहिला.

त्यानं बसला कुलूप घातलं, सीटखालचे रबरी बूट चढवले आणि वेर्लाला पाठीवर घेतलं. दोन मैलांना दीड तास लागला. ओढ्यात कमरेपर्यंतचं पाणी नव्हतं, पण गुडघ्याच्या वर होतं. त्यानं दोघींना एकेक करून पलीकडे नेलं. डेलफीन नको नको म्हणत होती, मग त्याच्या गळ्याला घट्ट धरून बसली. पलीकडे गेल्यावर म्हणाली, "मिस्टर सांतो, तुमचे कान फार थंड आहेत."

होगन दिसलं तसा तो कोंडवाड्यापाशीच थांबला. मुलींना म्हणाला, "जा तुम्ही." आणि स्वतः कुंपणाला टेकून, दाराकडे न बघता, उभा राहिला. पाय बधिर झाले होते. काही मिनिटं गेली. मग दार उघडलं आणि देसबा बाहेर आली. तिनं त्याचे बूट बघितले, चिखलानं माखलेली पॅंट बघितली, आणि हनुवटीनं आत ये अशी खूण केली.

आत उबदार होतं. तिनं त्याच्यासमोर मटणाचा रस्सा, तळलेली जाड पोळी आणि कॉफी ठेवली. ताट रिकामं झाल्यावर क्रिसांतो म्हणाला, "डेलफीन, आजीला सांग, मला माहीत नव्हतं. चुकलं माझं."

डेलफीननं सांगितलं. देसबानं विस्तवाकडे बघत मान हलवली. मग काहीतरी विचारलं.

"म्हणतेय, तिच्या हाताला कुठलं काम येत होतं? तुमच्या आईच्या."

क्रिसांतोनं ताट बाजूला सारलं. "विणायची," तो म्हणाला. "आमच्या गावात बायका मागावर कापड विणतात. अननसाच्या धाग्याचं, सुताचं, रेशमाचं. लहानपणी दोऱ्याच्या कांड्या मी भरून द्यायचो तिला."

हे ऐकून देसबानं पहिल्यांदा त्याच्याकडे वर मान करून बघितलं. भिंतीशी तिचा उभा माग होता, अर्ध्यावर विणलेला गालिचा, राखाडी आणि काळा. तिनं उठून लोकरीचं एक गाठोडं आणलं, त्याच्यासमोर टाकलं, आणि तारांच्या दातांच्या दोन फण्या त्याच्या हातात दिल्या.

"म्हणतेय, रिकाम्या हातानं बोलू नका. पिंजा आणि सांगा."

त्यानं फण्या उलट्या धरल्या. तिनं हातावर चापट मारून सरळ केल्या. मग तो लोकर पिंजत राहिला आणि सांगत राहिला. आईचा माग, तिची पायाची लय, धागा तुटला की ती देवाला काय काय बोलायची ते. शिव्यांपाशी डेलफीन अडखळली, तेव्हा देसबानं हातानं 'सांग, सांग' केलं आणि ऐकून तोंडावर पदर घ्यावा तशी शाल ओढून हसली.

मग ती स्वतः बोलू लागली. सावकाश, नातीला शब्द सापडावेत म्हणून थांबत.

"आजी म्हणतेय, तिचं कूळ नाकाई. म्हणजे मेक्सिकोच्या लोकांचं. फार फार मागे, घोड्यावरून धाडी पडायच्या तेव्हा, दक्षिणेकडून एक बाई आणली होती. आणली म्हणजे पळवून आणली. तिला इथली भाषा येत नव्हती. मेंढी कुठं धरायची माहीत नव्हतं. सगळे तिला विचारायचे, तू कुणाची? तिला सांगता यायचं नाही. पुढे तिला मुली झाल्या. कूळ आईकडून मिळतं, आणि तिला तर कूळच नाही. मग लोकांनी ठरवलं, हिच्यापासूनच सुरू करू." डेलफीननं आजीकडे वळून पुढचं ऐकलं. "आजी म्हणतेय, त्या बाईला आम्ही बाहेरची म्हणत नाही. ती आमची पहिली आई आहे."

क्रिसांतोच्या हातातल्या फण्या थांबल्या होत्या. म्हातारीनं बोटानं खूण केली, चालू ठेव.

"मग मी कुणी विचारलं तर काय सांगू?" त्यानं विचारलं.

"सांगा म्हणतेय, नाकाईंच्या घरी लोकर पिंजतो. अजून नीट येत नाही." डेलफीनलाच हसू आवरेना. "आणि तिला आजी म्हणू नका म्हणतेय. तुमचं वय बघा आणि तिचं बघा. शिमा याझी म्हणा."

"म्हणजे?"

"मावशी. धाकटी आई."

लास वेगासच्या भावाला त्यानं फोन केला तो टाकीपाशी उभं राहून, आणि 'येत नाही' एवढंच सांगितलं.

चिखल तीन आठवडे राहिला. रोज दुपारी क्रिसांतो जाळीपाशी बसला कुलूप घाली आणि मुलींना घरी पोचवी. पाचव्या दिवशी देसबाचा भाचा घोडा घेऊन जाळीपाशी वाट बघत होता. दुसऱ्या आठवड्यात वुडीही एकदा आला, चालला, दोनदा घसरून पडला आणि घरी जाऊन बायकोला म्हणाला, हे काही खरं नाही. त्या महिन्याच्या गावसभेत त्यानंच रस्त्याचा विषय लावला.

गावसभेत क्रिसांतोला मताचा अधिकार नव्हता. बोलायला मात्र कुणी अडवलं नाही. त्यानं डेलफीनपाशी आठ दिवस बसून चार वाक्यं पाठ केली होती. उभा राहिला, टोपी काढली आणि नवाहोत सांगितलं की माझं नाव क्रिसांतो, मी समुद्रापलीकडून आलो, मी नाकाईंच्या घरी लोकर पिंजतो, मी पोरांची बस चालवतो. नवाहोत स्वर वर-खाली झाला की शब्दाचा अर्थच बदलतो, आणि चौथ्या वाक्यात एक स्वर वर जायच्या ऐवजी खाली गेला. मग मागच्या रांगेतली एक म्हातारी खुदकन हसली आणि सगळा हॉल फुटला. लोक डोळे पुसू लागले, अध्यक्षांनी चष्मा काढला. आपण काय बोललो ते क्रिसांतोला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. वुडीला विचारलं तर तो म्हणतो, "माझ्या बायकोसमोर नको विचारू."

हसणं ओसरल्यावर देसबा उठली. ती सभेत कधी बोलत नसे. तिनं इतकंच सांगितलं की सरकारी यंत्र येईल तेव्हा येईल, पण हा माणूस माझ्या नातींना पाठीवर आणतो आणि मला लाज वाटते, त्याला बघून नव्हे, आपल्याला बघून. ज्याच्याकडे ट्रक आहे त्याच्या घरी मी शनिवारी येऊन गाडीत बसून राहीन.

शनिवारी तिला कुणाच्याच दारात जाऊन बसावं लागलं नाही. जुन्या ज्वालामुखीच्या टेकडीवरून लाल खडी भरून एकवीस ट्रक आले. रेशनची वाटपगाडी चालवणारे, घोडे पाळणारे, शहरातून सुट्टीला आलेले. दोन शनिवार आणि एक रविवार. बायकांनी ओढ्याकाठी चूल मांडली. लिओनीलानं मोठ्या पातेल्यात भात आणि व्हिनेगर-लसणातलं मटण केलं. लोकांनी आधी संशयानं हुंगलं, मग मासे नाहीत याची वुडीकडून खात्री करून घेतली, आणि पातेलं पुसून खाल्लं. ओढ्यात जुने लोखंडी नळ टाकून वर दगड रचले. तिसऱ्या दिवशी दुपारी क्रिसांतोनं रिकामी बस सावकाश ओढ्यातून पलीकडे काढली, आणि कडेला उभ्या माणसांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, नुसते ओठ पुढे काढून माना डोलवल्या. त्यानं बस थांबवून उगाच टायर तपासला.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. कागदपत्रांचं घोडं पुढे चार वर्षांनी गंगेत न्हालं, आणि तेव्हा तो इलोइलोला जाऊन आईच्या कबरीपाशी नऊ दिवस बसून आला. लिओनीला आता विज्ञान विभागाची प्रमुख आहे. देसबा थकलीय, मेंढ्या बाराच ठेवल्यात, पण मागावर बसते. डेलफीन फ्लॅगस्टाफला नर्सिंग शिकते.

वुडी निवृत्त झाला आणि नव्या ड्रायव्हरांना तयार करायचं काम क्रिसांतोकडे आलं. या फेब्रुवारीत त्याच्या शेजारच्या सीटवर लिटान्या त्सो नावाची तेवीस वर्षांची मुलगी होती. आईबाप इथलेच, पण ती फिनिक्समध्ये वाढलेली; नवाहोचे तिला चारच शब्द येत, आणि आपल्याच माणसांत परत आल्यापासून ती जरा बुजलेली असे. नवा मार्ग, नऊ नंबर, अजून खडी न पडलेला.

"काका, मधून घालू का कडेनं?" तिनं घाबरून विचारलं.

"किती वाजले?"

"सव्वासात."

"बाजूची काच खाली कर. हवा कशी आहे?"

"गार. खूप गार."

"मग माती अजून घट्ट आहे. मधून घाल. ब्रेकवरून पाय काढ, रुतली तर मी आहे. आणि त्या पहिल्या घरापाशी जरा लांब थांब हं. तिथल्या म्हाताऱ्या बाबांना चहा पिऊन झाल्यावरच पोरांना बाहेर सोडायची सवय आहे."

लिटान्यानं ओठ आवळले, दोन्ही हातांनी चाक धरलं आणि बस उतारावर सोडली.